पाणी मागून येतं

मुलाबाळांना घेऊन कोकणात किनाऱ्यानं चालायला जायचंय, कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "पुळणीच्या पाठीमागे काय आहे?" समोर समुद्र आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. लाटा दिसतात, गाज ऐकू येते आणि पोर पाण्याकडे धावलं की घरातलं कुणीतरी ओरडतंच. पाठीमागची खाडी मात्र आवाज करत नाही. म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

सिंधुदुर्गात अशा जागा बऱ्याच आहेत. मालवण तालुक्यातलं तोंडवळी-तळाशील घ्या. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दक्षिणेला देवबाग तसंच, तिथे पाठीला कर्ली नदी. अशा पट्टीवर आडवं चालत गेलं तर आधी ओली घट्ट वाळू, मग पाय रुतणारी कोरडी पुळण, मग मर्यादवेलीनं धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यामागे सुरूचं बन आणि पलीकडे उतारावर खाजण नि कांदळवन. थोड्याशा अंतरात एवढं सगळं. मुलांसाठी याहून चांगली पायपीट नाही. चढ नाही, दरी नाही, सावली आहे आणि जरा पुढे गेलं की काहीतरी नवीन दिसतं. गडावर जायचं म्हटलं की आपण वाट विचारतो, दोर घेतो, सोबत शोधतो. इथे जमीन सपाट, त्यामुळे कुणी काही विचारतच नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोन-तीन घरची मंडळी अशाच एका पट्टीवर गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही खाडीच्या तोंडाशी घडू शकतं. टेकड्या आणि वस्ती यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा आत शिरलेला होता. ‘घोट्याएवढं पाणी असतं, सहज ओलांडाल’ असं आदल्या दिवशी कळलं होतं आणि सकाळी उन्हं यायच्या आत आम्ही उतरलो तेव्हा पाणी खरोखरच घोट्याच्या जरा वर होतं. मुलांनी चपला हातात घेतल्या आणि खिदळत पार झाली. पुढचे तीन तास समुद्राच्या अंगाला मजेत गेले. परत त्या फाट्याशी आलो तर सकाळची वाट दिसेना. पाणी मोठ्या माणसाच्या कमरेवर होतं आणि आतल्या बाजूला ओढत होतं.

आमच्यातल्या एकानं लेकाला खांद्यावर घेऊन पाण्यात पाय घातला. चार पावलांत त्याचा पाय चिखलात पोटरीपर्यंत गेला आणि प्रवाहानं तो कलंडला. पलीकडून एक आजी मोठ्यानं ओरडल्या, "बाबानू, थंयच रवा! उतरू नकात, पाणी चडताहा!" तो कसाबसा मागे आला. मग आम्ही सुरूखाली बसून राहिलो. दोन बाटल्या पाणी, थोडे लाडू आणि कुरकुरणारी मुलं. दुपारी एका मच्छीमार काकांनी होडीतून पाळीपाळीनं सगळ्यांना पलीकडे नेलं.

बसल्या बसल्या समोरच्या खाजणात काय चाललंय ते पाहिलं. तिवरांची पेन्सिलीसारखी उभी मुळं एकेक करून बुडत होती. एक नांगी मोठी असलेले बोटभर खेकडे बिळाच्या तोंडावर ओल्या चिखलाची गोळी ओढून आत गडप होत होते. निवट्या चिखल सोडून मुळांवर चढून बसल्या होत्या. चिखलात राहणाऱ्या प्रत्येक जिवाला पाण्याची वेळ ठाऊक होती. आपल्यालाही ती कळू शकते. त्यासाठी काय करायचं ते सांगते.

पहिलं, तिथी बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून करायची. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा मोबाइलवर जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही पाहा. पण कॅलेंडरवरची तिथी पाहून मनात अंदाज बांधता आला पाहिजे, कारण पुळणीवर रेंज असेलच असं नाही.

याच हिशेबातून फिरायचा दिवसही ठरतो. सप्तमी ते दशमी हे दिवस मुलांसाठी उत्तम. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. शिवाय पहाटे-सकाळी भरती होऊन गेलेली असते, त्यामुळे आठ-साडेआठला निघालात तर तुम्ही चालत असताना पाणी उतरत असतं. पंचाईत अशी की आपण सुट्टी बघून जातो आणि कोजागरी, दिवाळीची अमावास्या, होळी हे सगळे नेमके उधाणाचे दिवस. आम्ही गेलो तीही पौर्णिमाच होती. पहाटे ओहोटी, आम्ही उतरलो तेव्हा पाणी चढायला लागलेलं आणि परतायच्या वेळेला भरती जवळजवळ पूर्ण.

दुसरं, पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. सुरुवातीचा संथपणा बघून ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं आणि तिथेच माणसं अडकतात. खाडीत आणखी एक गोष्ट होते. समुद्रावर ओहोटी सुरू झाली तरी आतल्या फाट्यात पाणी काही काळ भरतच राहतं. तेव्हा समुद्राकडे बघून खाडीचा अंदाज बांधू नका.

तिसरं, विचारताना वेळ धरून विचारा. ‘ओढा ओलांडता येतो का?’ याला ‘येतो’ हे खरं उत्तर आहे, पण ते ओहोटीचं. ‘उद्या सकाळी साडेदहाला परत येताना तिथे किती पाणी असेल?’ असं विचारा. मागच्या वर्षीच्या अनुभवावर तर मुळीच जाऊ नका. पावसाळ्यात नद्या आणि लाटा मिळून खाडीची तोंडं हलवतात, वाळूचे दांडे सरकतात, कालची वाट आज खोल असते. मोबाइलवरच्या नकाशातला फोटो कधीचा आहे हेही सांगता येत नाही. सगळ्यात चांगली खूण म्हणजे ओहोटीला मुळे-तिसऱ्या काढायला उतरणाऱ्या बायका. त्या चालतात तिथला तळ घट्ट असतो. त्यांनी टोपल्या उचलल्या की आपणही निघायचं.

चौथं, चिखल. खाजणात बांधावरून चाला, मध्ये उतरू नका. उतरावंच लागलं तर काठीनं पुढचा तळ चाचपा. पाय रुतला तर दुसरा पाय जोरात रोवून ओढाओढ करू नका, त्यानं दोन्ही अडकतात. मागे रेला किंवा बसा, वजन पसरू द्या, पाय हळूहळू हलवत मोकळा करा आणि चप्पल गेली तर जाऊ द्या. खरं तर इथे चप्पल नकोच. जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट हवेत. तिवराची मुळं आणि खडकावरची कालवं अनवाणी पाय फाडतात. ज्यांच्याबरोबर अगदी लहान मुलं आहेत त्यांनी चिखलात जायचंच कशाला? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत गावातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तिथे जावं.

पाचवं, पुळणीवर पडलेलं काही उचलू द्यायचं नाही. रापण ओढून झाल्यावर नको ती मासळी वाळूवर टाकलेली असते. शेंगटीचा काटा मेल्यावरही टोचतो आणि भयंकर ठणकतो. समुद्रसापही जाळ्यातून येतात. निपचित पडलेला साप मेलेलाच असेल असं नाही आणि तो जहाल विषारी असतो. गुडघाभर पाण्यात चालताना पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट बाजूला सरकतं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि मग लगेच डॉक्टरकडे जा. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे मुलांनाही पाठ असू द्यात.

सहावं, टेकड्यांवरून घसरगुंडी नको. मुलांना मोह होतो, पण मर्यादवेल एकदा तुटली की तिच्या मुळांनी धरलेली वाळू वाऱ्यावर उडून जाते आणि उधाणाला अडवणारा बांध तेवढा कमी होतो. वाळूच्या टेकड्या आणि कांदळवन, दोन्ही २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षित गटात आहेत. चढायचं असेल तर गावकऱ्यांची पायवाट असते, तीच धरा. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा कासवांच्या विणीचा काळ. जाळी लावलेलं घरटं दिसलं तर लांबूनच बघा आणि रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या मारत हिंडू नका.

अंतराचा मोह आवरा. कोरड्या वाळूत सपाट रस्त्याच्या जवळपास दुप्पट दम लागतो. मुलांबरोबर जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर पुरे. माणशी दोन लिटर पाणी, टोप्या, शिट्टी आणि लागलं तर दुपारपर्यंत थांबता येईल इतका खाऊ बरोबर ठेवा. अकराच्या आत सावलीत या. जायच्या वाटेत पाणी ओलांडावं लागत असेल तर परतीची वेळ आधी ठरवा आणि मग निघायची. पावसाळ्यात खाडीमुखाच्या वाटेलाच जाऊ नका.

आणि अडकलातच तर थांबा. पाणी चढलंय तसं काही तासांत उतरणारच आहे. ओलांडायची घाई करणारेच बुडतात. मुलांना जरूर न्या, हा किनारा त्यांनी पायांनी बघायलाच हवा. फक्त निघायच्या आदल्या रात्री कॅलेंडर उघडा, तिथीची पाऊणपट मुलांकडूनच करून घ्या आणि निघायची वेळ त्यांना ठरवू द्या.