घड्याळ हिरवं होतं

उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर, एक बोटभर जागा होती. तिथे दाबलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आजूबाजूला काहीच नाही. तीन आठवडे मी ती जागा दाबून बघत होतो आणि तरीही धावत होतो. मनगटावरचं घड्याळ म्हणत होतं, सगळं झकास चाललंय.

मी उरणचा. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात पाळ्यांची नोकरी, वय ४४. धावण्याचं वेड उशिरा लागलं. चारफाट्यावरून निघायचं, पिरवाडी-नागावच्या किनाऱ्याला जायचं आणि घरी परतायचं, एवढाच माझा पल्ला. मग जानेवारीतल्या मुंबईच्या अर्धमॅरेथॉनने डोक्यात घर केलं, म्हणजे २१ किलोमीटर. दिवाळीच्या सेलमध्ये घड्याळ घेतलं (बायकोला किंमत थोडी कमी सांगितली). दुखापत व्हायच्या आधीच ते इशारा देणार, असा जाहिरातीचा वायदा होता.

दुखणं सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. सोमवारी पाच किलोमीटर झाले, बुधवारी पाच, बाकीचे दिवस झोपेत गेले. रविवारी आमच्या धावणाऱ्या मंडळींनी लांब जायचं ठरवलं आणि मी त्यांच्याबरोबर १८ केले. घरी येऊन ॲप उघडलं तर पट्टी हिरवीगार. हिशोब त्याच्या परीने चोख होता. आधीच्या चार आठवड्यांची माझी सरासरी २६ किलोमीटर, या आठवड्यात २८, मग धोका कसला? पण त्या महिन्यातली माझी सगळ्यात लांब धाव ११ किलोमीटरची होती. ११ वरून मी थेट १८ वर उडी मारली होती आणि ही उडी आठवड्याच्या बेरजेत अलगद लपली.

दोन दिवसांनी ठणका सुरू झाला. आधी धावताना पहिल्या किलोमीटरला जाणवायचा आणि अंग गरम झालं की जायचा. मग जाईनासा झाला. मग जिना उतरतानाही कळ यायला लागली. मी घड्याळाकडे बघायचो, ते हिरवंच. आई ओट्यावर मासळी साफ करत होती, माझं लंगडणं बघून म्हणाली, “पाय तुजा हाय का त्या घड्यालाचा?” मी हसण्यावारी नेलं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घड्याळ पाहिलंच नाही. एका बोटाने नडगी चाचपत गेले आणि नेमक्या जागी मी ओरडलो. एक्स-रेत काही दिसलं नाही. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, असं त्यांनीच सांगितलं. एमआरआयसाठी लोकलने नेरूळला गेलो, तिथे ती दिसली. आठ आठवडे धावणं बंद. मॅरेथॉनच्या रविवारी मी पाय उशीवर ठेवून टीव्हीसमोर बसलो होतो.

रिकामपणी वाचन झालं. घड्याळातला किंवा बुटाला लावायचा सेन्सर पाऊल टेकताना बसणारा हादरा मोजतो. नडगीच्या हाडावरचा सगळ्यात मोठा भार मात्र पाऊल टेकताना पडत नाही. तो पडतो त्यानंतर, अंग पुढे ढकलताना पोटरीचा स्नायू हाडाला आवळतो तेव्हा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच दाखवलं: जमिनीच्या हादऱ्याचा आकडा आणि हाडावरचा भार यांचा मेळ बसत नाही. म्हणजे मी जो आकडा रोज कौतुकाने बघत होतो, तो माझ्या हाडाचा नव्हताच.

दुसरा अभ्यास वाचून तर कपाळावर हात मारला. डेन्मार्कच्या आरहुस विद्यापीठातल्या मंडळींनी ५,२०० धावणाऱ्यांवर दीड वर्ष नजर ठेवली. २०२५ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: आठवड्याची बेरीज वाढण्यापेक्षा एकाच धावेतली उडी महागात पडते. गेल्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की दुखापतीचं प्रमाण वाढतं. माझी उडी चौसष्ट टक्क्यांची होती.

घड्याळ फेकून द्या असं मी म्हणणार नाही, मीही फेकलेलं नाही. त्याची एक गोष्ट खरंच कामाची आहे, मिनिटाला पडणारी पावलं. तीही आधी मी चुकीचीच वापरली. १८०चा आकडा सगळीकडे मिरवतो. तो मुळात जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने १९८४च्या ऑलिम्पिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली त्यातून आलेला. यार्डातल्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने तो का गाठावा? स्वतःच्या पावलांत पाच ते दहा टक्के वाढ केली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे २०११ मध्येच दाखवून झालंय. माझी पावलं १५८ होती, आता १६६ ठेवतो. पाऊल आखूड पडतं, एवढंच.

बाकीचं घड्याळाला कळत नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल. नडगी चार-पाच बोटांच्या लांबीवर मोघम दुखत असेल तर धावणं कमी करून काही दिवस वाट बघता येते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर त्या दिवसापासून धावणं बंद आणि डॉक्टर गाठायचा. एक्स-रे चांगला आला म्हणून खूश होऊ नका.

आणखी एक, आपल्या इथलंच. भरतीच्या वेळी पिरवाडीला सपाट वाळू उरत नाही, उतारावरून धावावं लागतं आणि एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो. मी जाताना वाळूतून आणि येताना रस्त्याने यायचो, त्यामुळे पायांची अदलाबदल कधी झालीच नाही. ओहोटीची वेळ बघून जा आणि त्याच वाळूतून परत या. अंधारात ट्रेलरच्या रस्त्याला जाऊच नका, कानात काही घालून तर मुळीच नको.

मार्चमध्ये पुन्हा सुरुवात केली, एक मिनिट धाव, एक मिनिट चाल. घड्याळाने लगेच कळवलं की तुमची तंदुरुस्ती घसरत आहे. मी ती सूचना बंद केली. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने रोजचे किलोमीटर लिहितो आणि गेल्या तीस दिवसांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती गोल करतो. सध्या गोल नऊभोवती आहे. येत्या रविवारी फार तर पावणेदहा.