उल्कावर्षावाची रात्र : एक निरीक्षणपाठ

सूर्यमालेचा पाठ शिकविताना ग्रह, उपग्रह, धूमकेतू आणि उल्का ही नावे फळ्यावर ओळीने लिहिली जातात. विद्यार्थी ती पाठ करतात, आणि परीक्षेत ‘उल्का म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांचे बरोबर येते. तोच विद्यार्थी रात्री अंगणात उभा असता आकाशातून एक तेजस्वी रेघ सरकली, की ‘तारा तुटला’ असे म्हणतो. पुस्तकातील उल्का आणि आकाशातील ती रेघ एकच, ही गाठ त्याच्या मनात पडलेलीच नसते. फळ्यापुढे बसून ती पडणेही कठीण. तिच्यासाठी वर्षातून एक रात्र जागावी लागते.

तारा निखळला म्हणजे कोठेतरी कोणाचा तरी जीव गेला, असे सांगणारी वडीलधारी माणसे गावोगाव आहेत. ज्या मुलाच्या घरी नुकतेच कोणी निवर्तले आहे, किंवा आजोबा अंथरुणाला खिळले आहेत, त्याला अशी रेघ दिसल्यावर काय वाटत असेल, याचा विचार शिक्षकाने अवश्य करावा. मात्र आजीचे म्हणणे खोटे पाडण्याच्या भरीस पडू नये. वर्गात घरच्या समजुतीचा उपहास झाला, की मूल घराला तरी अंतरते किंवा शाळेला तरी. त्यापेक्षा मुलाच्या हाती पडताळ्याची रीत द्यावी. रात्रीच्या आरंभी मृग नक्षत्राचे आणि कृत्तिकांचे चित्र वहीत काढावयास सांगावे आणि दिसतील तेवढे तारे मोजून त्यांची संख्या खाली लिहून घ्यावी. उल्का पाहून झाल्यावर, घरी निघण्यापूर्वी, ते तारे पुन्हा मोजावयास सांगावे. तीस उल्का पाहिल्या आणि मृगाचा एकही तारा कमी झाला नाही, हे मुलाने स्वतः मोजले, म्हणजे त्याला अधिक काही सांगण्याची गरज उरत नाही. आजीलाही तो ते आपल्या शब्दांत सांगेल.

आता रात्र कोणती निवडावी? वर्षाकाठी मोठे उल्कावर्षाव दोन-तीनच. ऑगस्टच्या १२-१३ तारखेस ययाती तारकासमूहातून होणारा वर्षाव युरोपात फार प्रसिद्ध आहे; परंतु त्या सुमारास पेण तालुक्यात आभाळ उघडे मिळणे ही नशिबाची गोष्ट. कोकणातील शाळांसाठी खरी रात्र डिसेंबरची. १३ आणि १४ डिसेंबरच्या दरम्यानची रात्र, आणि काही वर्षी त्यापुढची, मिथुन राशीतील उल्कावर्षावाच्या भराची असते. पाऊस संपलेला, भातकापणी आटोपलेली आणि हवा कोरडी. शिवाय पेण-रोह्याकडच्या मुलांना थंडीत शेतावर रात्र जागविण्याचे नवल नाही. वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घालून मडके उलथे लावावयाचे आणि पोपटी भाजावयाची, हा येथला हिवाळी रिवाजच आहे. उल्का पाहण्याचा बेत त्याला जोडून घ्यावयास हरकत नाही. एवढेच, की पोपटीचा जाळ पुरता विझल्यावर निरीक्षणास आरंभ करावा. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात.

पंचांग मात्र आधी पाहावे. उल्कावर्षाव तिथीला बांधलेला नसतो, तो सौर दिनांकाला बांधलेला असतो. अवकाशात धुळीचा एक लांबलचक पट्टा पसरला आहे आणि पृथ्वी आपल्या कक्षेवरून फिरताना दरवर्षी ठरलेल्या जागी त्याला छेदते, म्हणून तारीख तीच राहते आणि तिथी बदलते. २०२३ साली ही रात्र अमावास्येच्या लगत आल्याने आकाश काळेभोर होते. २०२४ साली ती दत्तजयंतीच्या पौर्णिमेशी गाठ घेऊन आली आणि चांदण्यात मंद उल्का बुडून गेल्या. शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यात चंद्र मध्यरात्रीपूर्वी मावळतो, तेव्हा निरीक्षण उशिरा ठेवावे. वद्य अष्टमीनंतर तो मध्यरात्रीनंतर उगवतो, तेव्हा लवकर आटपावे. सौर आणि चांद्र कालगणनेतील भेद समजावून देण्यास यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

हा धुळीचा पट्टा आला कोठून? बहुतेक उल्कावर्षावांचे मूळ धूमकेतूंमध्ये सापडते. मिथुनेचा वर्षाव याला अपवाद आहे. त्याची पहिली नोंद १८६२ सालची. परंतु त्याचा जनक १२० वर्षांनंतर उमगला. १९८३ साली एका कृत्रिम उपग्रहाने टिपलेल्या आकाशचित्रांत फेथन नावाचा लघुग्रह सापडला आणि त्याची कक्षा या धुळीच्या कक्षेशी जुळली. पाच-सहा किलोमीटर व्यासाचा हा खडक सुमारे १७ महिन्यांत सूर्याभोवती एक फेरी करतो आणि त्या फेरीत सूर्यापासून २ कोटी १० लाख किलोमीटरांपर्यंत, म्हणजे बुधाहूनही पुष्कळ आत, जातो. तेथल्या तापाने तो तडकत असावा, असा तर्क आहे.

त्याचे कण वाळूच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे. ते सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरतात. या वेगाने पेणहून अलिबागला पोहोचण्यास एक सेकंदही लागणार नाही. पुढची हवा एकाएकी दाबली जाऊन तापते, कण जळून त्याची वाफ होते आणि तापलेली हवा व वाफ यांची उजळ रेघ आपणास दिसते. हे सारे जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर घडते. मोठा दगड असल्यास तो पूर्ण न जळता खाली येतो, त्यास अशनी म्हणतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी असे अशनी पडले होते. उल्कावर्षावातील कण मात्र जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, हे भित्र्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

सर्व रेघा मागे वाढविल्या तर त्या पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळ एकत्र येतात. त्या एका बिंदूतून खरोखर सुटतात असे नव्हे. पेण स्थानकाच्या फलाटावर उभे राहून पाहिले, की समांतर रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसाच हा दृष्टिभ्रम आहे. या जागेस उद्गमबिंदू म्हणतात. डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊ वाजता तो ईशान्येकडे क्षितिजाच्या थोडा वर असतो आणि पावणेतीनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेस येतो. जसजसा तो वर चढतो तसतशा उल्का वाढतात. प्राथमिक शाळेच्या मुलांना पहाटेपर्यंत बसविणे युक्त नाही. ११ ते १ हे दोन तास त्यांना पुरेत.

येथे एका गोष्टीचा इशारा देणे अगत्याचे आहे. मुलांना ‘पाऊस पडणार’ असे सांगून नेऊ नये. नोव्हेंबर १९९८ मध्ये सिंह राशीतील उल्कावर्षावाचा फार गाजावाजा झाला होता. गणिताप्रमाणे त्याचा भर १८ नोव्हेंबरच्या रात्री एकनंतर भारतातून दिसावयाचा होता. प्रत्यक्षात तेजस्वी अग्निगोलांचा भर सुमारे १८ तास आधीच येऊन गेला. नेमलेल्या रात्री आकाशाकडे डोळे लावून बसलेल्यांची निराशा झाली. पुढे धुळीच्या प्रत्येक पट्ट्याचे वेगळे गणित करण्याची रीत पुढे आली आणि १९९९ पासूनची भाकिते मिनिटांच्या हिशेबाने जुळू लागली. मिथुनेचा वर्षाव इतका लहरी नाही. तरी वृत्तपत्रांत येणारा ‘तासाला १२० ते १५०’ हा आकडा संपूर्ण काळोख्या आकाशाचा आणि उद्गमबिंदू डोक्यावर असतानाचा असतो. पेण शहरातील दिव्यांत तासाला दहा-पंधरा उल्का दिसल्या तरी पुष्कळ. गागोद्याच्या बाजूस डोंगराच्या आडोशाला, किंवा खारेपाटात वस्तीपासून दूर, तीस-चाळीसांची अपेक्षा ठेवावी. उत्तरेकडे पनवेल-नवी मुंबईचा आणि वडखळ-डोलवीच्या दिशेस कारखान्यांचा उजेड आहे, त्यांकडे पाठ करावी. दर दीड-दोन मिनिटांस एक उल्का, आणि मध्ये कधी दहा मिनिटे काहीच नाही, असे खरे चित्र आधी सांगितलेले मूल कंटाळत नाही.

नोंदीची रीत साधी ठेवावी. दोघांची जोडी करावी. एकाने चटईवर उताणे पडून आकाश पाहावे, दुसऱ्याने लिहावे, अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. विजेरीच्या काचेवर लाल पतंगी कागद बांधावा. प्रत्येक उल्केची वेळ, ती मृगातील ताऱ्यांहून तेजस्वी की मंद, आणि तिची रेघ मागे वाढविल्यास पुनर्वसूकडे जाते की नाही, एवढेच टिपावे. जी जात नाही ती या वर्षावाची नव्हे. तशा उल्का कोणत्याही रात्री दिसतात. दर पंधरा मिनिटांनी बेरीज करावी, आणि त्या अवधीत काहीच दिसले नसेल तर शून्य लिहावे. शून्य लिहिण्याचा मुलांना फार संकोच वाटतो. शेजारच्या जोडीने पाच लिहिलेले दिसले, की आपल्याही वहीत दोन-तीन उल्का उगवतात! हा मोह नाहीसा करणे हे या रात्रीचे अर्धे शिक्षण आहे. म्हणून सर्वांत अधिक उल्का पाहणाऱ्यास बक्षीस मुळीच ठेवू नये.

रेघेसारखे दिसणारे सर्वच उल्का नसते. विमानाचे दिवे लुकलुकतात. कृत्रिम उपग्रह शांतपणे काही मिनिटे सरकत राहतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात अनेकांनी जळत्या रेघांचा एक समूह पाहिला आणि तो उल्कावर्षाव समजला. रेघा समांतर होत्या आणि सावकाश चालल्या होत्या. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. तो एका चिनी अग्निबाणाचा भाग असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. मिथुनेची उल्का क्षणा-दोन क्षणांत संपते, हे मुलांनी लक्षात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

व्यवस्थेविषयी थोडेसे. पालकांची संमती घ्यावी आणि शक्यतो त्यांनाच बरोबर आणावे. आया आल्या तर मुलीही येतात, आणि मुली वगळून हा पाठ घेणे न घेण्यासारखे आहे. जागा दिवसा पाहून ठेवावी, गवत काढावे. फुरसे आणि विंचू थंडीतही आढळतात. खारबंदिस्तीच्या बांधावर वा पाण्याच्या कडेला मुलांना बसवू नये. दव पडते, म्हणून कानटोपी व गोधडी हवी. दुसऱ्या दिवशी उशिरा येणाऱ्यास शिक्षा करू नये.

वरच्या वर्गांसाठी यापुढचे एक पाऊल आहे, आणि ते इतिहासात विद्यार्थ्यांनीच टाकले आहे. १७९८ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग हे दोन विद्यार्थी काही मैलांच्या अंतरावर बसून एकाच वेळी उल्का पाहू लागले. तीच उल्का दोघांना वेगवेगळ्या ताऱ्यांजवळ दिसली; त्या फरकावरून त्यांनी तिची उंची काढली आणि उल्का या ढगांच्या किती तरी वर, पण ताऱ्यांच्या फारच खाली असतात हे दाखवून दिले.

पेण आणि रोहा यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे, आणि दोन्ही गावे जवळजवळ दक्षिणोत्तर रेषेवर आहेत. दोन्हीकडच्या एकेका शाळेने आधी पत्रव्यवहार करून किंवा दूरध्वनीवर बोलून रात्र ठरवावी आणि भ्रमणध्वनीवरून घड्याळे सेकंदापर्यंत जुळवावी. फक्त ठळक उल्का घ्याव्या. त्यांची वेळ सेकंदासह लिहावी आणि डोक्यावरच्या बिंदूपासून अंतर मुठींनी मोजावे. हात ताठ धरला असता बंद मूठ सुमारे १० अंश झाकते. नागोठण्याच्या वर १०० किलोमीटरांवर जळालेली उल्का पेणच्या मुलांना डोक्यावरच्या बिंदूच्या दक्षिणेस एका मुठीहून थोडी अधिक आणि रोह्याच्या मुलांना उत्तरेस एका मुठीहून थोडी कमी अशी दिसेल. १ सेंटिमीटरास १० किलोमीटर हे प्रमाण धरून आलेख कागदावर ३.३ सेंटिमीटरांची रेषा काढावी, तिच्या दोन टोकांवर कोनमापकाने दोन कोन मांडावे आणि रेषा जेथे मिळतील तेथपर्यंतची उंची मोजावी. ती १० सेंटिमीटरांच्या आसपास यावी. मुठीच्या मापात चूक असल्याने ८ आली किंवा १३ आली, तरी आलेली संख्याच वहीत ठेवावी. खोडून १० करू नये. त्याच वेळी दोन्हीकडून मृगाचा एखादा तारा मोजून पाहावा. त्याच्या बाबतीत दोन्ही रेषा समांतर निघतात आणि कागदावर कोठेच मिळत नाहीत.