जन्मरत्नांचा धंदा करायचा? आधी खड्याची भाषा शिका



कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा डोळ्यांसमोर आणा. वर्धा नदीचा काठ, रुक्मिणीच्या माहेराला आलेली गर्दी, बांगड्या-माळांची दुकानं. तुम्ही चांदीच्या अंगठ्या मांडून बसलात. पहिलंच गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, माह्या पोरीचा जन्म जुलैचा हाय. तिले कोणता खडा लागते?"

आता तुम्ही काय सांगाल? इथे अडखळलात तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. आणि ठोकून दिलंत तर आज अंगठी विकली जाईल, पण उद्या नाव जाईल. म्हणून आजचा धडा नीट वाचा.

१. दोन याद्या आहेत, त्यांची खिचडी करू नका

पहिली यादी महिन्यांची. आज जगभर चालते ती यादी १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने ठरवली. म्हणजे परंपरा जुनी, पण यादी व्यापाऱ्यांनी पक्की केलेली! टांझानाइट हा खडा तर १९६७ मध्ये टांझानियात सापडला आणि २००२ मध्ये डिसेंबरच्या यादीत बसवला गेला.

दुसरी यादी आपल्या नवरत्नांची. ती महिन्यावर नाही, ग्रहावर चालते. सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, रत्नांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहेत.

म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारा: "ताई, महिन्याचा खडा पाहिजे, का राशीचा?" जुलैच्या पोरीला महिन्याच्या यादीत माणिक. पण तिची रास कर्क असेल तर राशीस्वामी चंद्र, म्हणून राशीच्या हिशेबाने मोती. दोन्ही उत्तरं आपापल्या यादीत बरोबर. आणि पत्रिका पाहणं आपलं काम नाही, ते गिऱ्हाईक आपल्या गुरुजींना विचारून येईल.

२. बारा महिने, थोडक्यात अर्थ

- जानेवारी: गार्नेट (तामडा). मैत्री, सुखरूप प्रवास.
- फेब्रुवारी: ॲमेथिस्ट (कटेला). संयम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'नशा न चढलेला'.
- मार्च: ॲक्वामरीन. समुद्रावर जाणाऱ्यांचं रक्षण.
- एप्रिल: हिरा. टिकाऊपणा, निष्ठा.
- मे: पाचू. नवी पालवी, प्रेम.
- जून: मोती. शांतता, निर्मळपणा.
- जुलै: माणिक. तेज, धाडस.
- ऑगस्ट: पेरिडॉट. भीती दूर करणारा.
- सप्टेंबर: नीलम. शहाणपण, सचोटी.
- ऑक्टोबर: ओपल. आशा.
- नोव्हेंबर: टोपाझ किंवा सिट्रिन (सुनेला). आपुलकी, उबदारपणा.
- डिसेंबर: फिरोजा, झिरकॉन, टांझानाइट. फिरोजा म्हणजे प्रवासातलं रक्षण.

हा तक्ता छापून दुकानात लावा. वर मोठ्या अक्षरात लिहा: 'पारंपरिक समजुती'. हे दोन शब्द का महत्त्वाचे, ते पाचव्या मुद्द्यात.

३. नाव एक, खडे दोन

'पुष्कराज' म्हणून पिवळा सफायरही विकला जातो आणि टोपाझही. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! बिलावर खड्याचं खरं नाव लिहा. उपरत्न असेल तर तेही लिहा: नीलमऐवजी कटेला, पुष्कराजऐवजी सुनेला, माणकाऐवजी तामडा. काच असेल तर सरळ 'काच' लिहा. स्वस्त विकणं गुन्हा नाही, लपवून विकणं आहे.

वजनाचंही तसंच. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळीकडे तेवढंच. रत्ती मात्र बाजारागणिक बदलते. गिऱ्हाईक रत्तीत मागेल, तुम्ही बिल कॅरेटमध्ये करा. महागडा खडा असेल तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊही नका, विकूही नका.

४. घालणारा काय काम करतो ते बघा

खड्याचा कठीणपणा १ ते १० या मोह्स मापाने मोजतात. हिरा १०, माणिक-नीलम ९, टोपाझ ८, कटेला-सुनेला ७. फिरोजा आणि ओपल साधारण ६ च्या आसपास, पोवळं आणि मोती ४ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. धुणीभांडी, शेतीकाम करणाऱ्या हाताला मोत्याची अंगठी देऊ नका, लॉकेट द्या. मोत्या-पोवळ्याला लिंबू, अत्तर, साबण लागू देऊ नका, हे डबीवरच लिहून द्या. तक्रारी कमी होतील, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

५. काय बोलायचं नाही

माझ्या वर्गातल्या एका ताईंकडे यात्रेत एक बाई आली. मुलाला फिट येतात, कोणता खडा घालू म्हणून विचारत होती. हातात नोटांची पुरचुंडी. ताई म्हणाल्या, "बाई, हा खडा शोभेचा हाय. पोराले डॉक्टरले दाखवा." बाई उठून गेली, परत आली नाही. विक्री गेली ती गेलीच. त्या दिवशी ताईंचं जागेचं भाडंही निघालं नाही.

तरी मी म्हणतो, ताई बरोबर होत्या. ते पैसे औषधाचे होते, राजेहो!

आणि कायदाही हेच सांगतो. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशा जाहिरातीला मनाई करतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्कारी शक्तीचा दावा करून वस्तू विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या.

म्हणून 'परंपरेत असं मानतात' म्हणा. 'असं होईलच' म्हणू नका. आजार, परीक्षा, कर्ज, मूलबाळ, यांची हमी कधीच नको.

६. हिशेब

समजा एका अंगठीला चांदी व मजुरी ७०० रुपये, खडा १८०, डबी व माहितीचं कार्ड ३०, जागाभाडं व प्रवास ४०. एकूण ९५०. तुम्ही १,२५० ला विकली, तर ३०० रुपये उरले. पुष्कळ जण म्हणतात, "३२ टक्के नफा!" नाही. खर्चावर ते ३२ टक्के आहेत, विक्रीवर २४ टक्केच. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली तर १२५ रुपये त्या ३०० मधूनच जातात, उरतात १७५. सूट देण्याआधी हा आकडा आठवा. नोंदणी असेल तर दागिन्यावर ३ टक्के जीएसटी वेगळा धरा.

जाता जाता

आपल्या विदर्भात हा व्यवसाय नवा नाही. नागपूरजवळच्या महुरझरीला अकीकासारख्या दगडांचे मणी घडवण्याचं प्राचीन केंद्र होतं. आणि कौंडण्यपूरला १९६० च्या दशकात उत्खनन केलं ते डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी. ते स्वतः प्राचीन मण्यांचे अभ्यासक होते. वर्धेकाठी बसून मणी-खडे विकताना तुम्ही फार जुन्या रांगेत बसलेले असता.

गृहपाठ: आज एकच खडा निवडा. त्याचं खरं नाव, कठीणपणा, पारंपरिक अर्थ, खरेदी किंमत आणि निगा एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा. मग तो घरातल्या माणसाला विकून बघा, एकही हमी न देता. जमलं, तर तुम्ही यात्रेत बसायला तयार आहात.