बूस्ट वाढवायचाय? आधी बिलातल्या ओळी मोजा

इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलच्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू कुठली, तर खुद्द व्हॉल्व्ह. मुठीत मावणारा, तीन तोंडांचा सोलेनॉइड. किंमत साधारण ५ ते १० हजार. तरी गाडी गॅरेजबाहेर पडते तेव्हा बिल ५० हजारांच्या पुढे गेलेलं असतं. मधले पैसे कुठे जातात, त्यातले कुठले द्यायलाच हवेत आणि कुठले अजिबात देऊ नयेत, हे गाडीची चावी देण्याआधी कळायला हवं.

तुमच्या गाडीला हे लागतं का?

बॉनेट उघडा. टर्बोवर वेस्टगेटचा ॲक्च्युएटर शोधा. पत्र्याचा गोल डबा, त्यातून निघालेला दांडा आणि डब्याला जोडलेली रबरी नळी दिसली, तर तो हवेच्या दाबावर चालणारा. रांजणगावला बनलेल्या फियाट लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो, जुनी ऑक्टाव्हिया आरएस, बाहेरून टर्बो बसवलेली एखादी जिप्सी या अशा गाड्या. पुढचं बहुतेक सगळं तुमच्यासाठी आहे.

नळीच्या वाटेवर कंपनीचाच छोटा सोलेनॉइड आधीपासून असेल, तर नवा घेण्याची घाई करू नका. मध्यम बूस्टसाठी बहुतेक वेळा तोच पुरतो. फक्त ट्यूनिंग लागतं.

आणि नळीऐवजी वायरिंगचा कनेक्टर असलेली मोटर दिसली, तर वेगळ्या बूस्ट कंट्रोलवर एक रुपयाही घालवू नका. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमधलं १.० टीएसआय इंजिन असंच आहे. तिथे वेस्टगेट इलेक्ट्रिक आहे आणि त्याचा ताबा ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे. बूस्ट बदलायचा तर ईसीयू रीमॅप करून. खर्च साधारण २५ ते ५० हजार. अशा गाडीला ‘सोलेनॉइड बसवून देतो’ म्हणणाऱ्याने तुमचं इंजिन नीट बघितलेलंच नाही.

सेन्सरच्या वायरीत जोडायचा तयार बॉक्सही तुम्हाला दाखवला जाईल. तो बूस्ट सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला दाखवतो आणि ईसीयू दाब वाढवतं. बसवायला अर्धा तास, काढायला दहा मिनिटं, म्हणून खपतो. पण इग्निशनचं टायमिंग त्याला कळत नाही, नॉकिंग (सिलिंडरमधलं इंधनाचं अवेळी पेटणं) कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या उपकरणाला नॉकिंग कळत नाही, त्याच्या हाती बूस्ट देऊ नये.

खर्चाचा क्रम

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करता यावर निम्मी बचत अवलंबून आहे. पहिले पैसे व्हॉल्व्हवर नाही, गळती शोधण्यावर घालवा. इनटेकमध्ये धूर सोडून करायची स्मोक टेस्ट दीड ते अडीच हजारांत होते, तासाभरात आटोपते. दहा वर्षांच्या गाडीत इंटरकूलरची एखादी होज हमखास चिरलेली निघते. अनेकांना ‘बूस्ट कमी पडतो’ असं वाटतं ते याच चिरेमुळे. दीड हजाराची होज बदलली की गाडी पुन्हा खेचायला लागते आणि मोठं काम काढायची गरजच उरत नाही. हे गॅरेजवाला आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून तुम्ही विचारा.

मग स्पार्क प्लग. वाढलेल्या दाबाखाली जुन्या प्लगची ठिणगी विझते आणि गाडी झटके देते. चार इरिडियम प्लगचे ३ ते ५ हजार धरा.

त्यानंतर मोजमाप. एअर-फ्युएल मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि गेज, १५ ते २५ हजार. इथे काटछाट करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. बूस्ट वाढला आणि पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात, आणि ते कानाला कळायच्या आधी फक्त या सेन्सरला कळतं. स्वतःचा घ्यायचा नसेल तर ट्यूनिंगपुरता ट्यूनरचा लावून घ्या. पण त्याशिवाय ट्यूनिंग नाही, हे आधीच ठरवा.

आता व्हॉल्व्ह. त्यावर नळ्या, क्लिप, वायरिंग, फ्यूज मिळून २ ते ४ हजार. मजुरी ४ ते ८ हजार. काम अर्ध्या दिवसाचं आहे. कुणी ‘तीन दिवस गाडी लागेल’ म्हणालं तर कशासाठी ते विचारा. उत्तर ‘पार्ट यायचाय’ असेल तर गाडी पार्ट आल्यावरच द्या.

सगळ्यात मोठी रक्कम ट्यूनिंगची, डायनोवरच्या (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) रनसकट, २० ते ४० हजार. ईसीयूच सोलेनॉइड चालवणार असेल तर याच रकमेत बूस्टचं टेबल, पेट्रोल आणि टायमिंग तिन्ही यायला हवेत. ईसीयूला ते जमत नसेल तर गेजसकट येणारा स्वतंत्र कंट्रोलर लागतो. तो बाहेरून मागवावा लागतो. सीमाशुल्क आणि कुरियर धरून ३५ ते ६० हजार आणखी. वेबसाइटवरची डॉलरमधली किंमत पाहून हिशेब करू नका, दारात पोचल्यावरची किंमत लेखी घ्या.

कंट्रोलर सोडून बाकीची बेरीज ५० ते ९५ हजारांच्या घरात जाते. हे पुण्या-मुंबईकडचे साधारण आकडे आहेत. गाडी आणि ट्यूनर बदलला की वरखाली होतील. पण यापेक्षा फारच कमी कोटेशन आलं, तर स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका. यातलं काय गाळलंय ते शोधा. बहुधा वाइडबँड किंवा डायनो गाळलेला असतो.

२०१७ मध्ये मी माझ्या टी-जेटचं काम करून घेतलं, तेव्हा बिलावर एकच ओळ होती: ‘बूस्ट सेटअप, ४२,०००.’ तीन आठवड्यांनी खंबाटकीचा चढ चढताना गेजचा काटा नेहमीच्या जागेवर थांबलाच नाही, पुढे गेला आणि इंजिनाने दणका देऊन पेट्रोल तोडलं. मागून ट्रक येत होता. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर ॲक्च्युएटरची नळी निपलवरून सटकून लोंबत होती. निपलवर तेलाचा ओलावा, आणि क्लिप? क्लिप लावलेलीच नव्हती. गॅरेजकडे फोड मागितली तेव्हा समजलं की डायनो रन झालाच नव्हता; रस्त्यावर वीस मिनिटं फिरवून आकडे भरले होते. दहा-वीस रुपयांच्या क्लिपसाठी इंजिन आणि माणसं दोन्ही पणाला लागली होती. तेव्हापासून माझा आग्रह एकच आहे. बिलात प्रत्येक वस्तूची आणि प्रत्येक चाचणीची वेगळी ओळ हवी.

पैसे देण्याआधी ही परीक्षा घ्या

नळीबद्दल इतकं का, ते थोडक्यात. वेस्टगेट स्प्रिंगने बंद असतो. टर्बोचा दाब ॲक्च्युएटरपर्यंत पोचला की तो उघडतो आणि बूस्ट तिथे थांबतो. सोलेनॉइड त्यातला काही दाब मधल्या मध्ये सोडून देतो, म्हणून वेस्टगेट उशिरा उघडतो आणि बूस्ट वाढतो. नळी सटकली की ॲक्च्युएटरला दाब मिळतच नाही आणि बूस्टला आवर राहत नाही.

म्हणून गाडी ताब्यात घेताना ट्यूनरला शेजारी बसवा आणि सोलेनॉइडचा कनेक्टर काढायला सांगा. मोकळ्या रस्त्यावर हळूहळू पाय देत गेज बघा. वीज गेलेली असताना बूस्ट स्प्रिंगच्या मूळ आकड्यावरच थांबला पाहिजे. स्प्रिंग अर्ध्या बारची असेल तर अर्ध्या बारवर, म्हणजे सात पीएसआयच्या जवळपास. त्याऐवजी काटा चढत राहिला तर लगेच पाय काढा: नळ्या उलट्या जोडल्या आहेत. तशा जोडणीत उद्या फ्यूज उडाला तर इंजिनही जाईल. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात. ती न देता कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. प्रत्येक निपलवर क्लिप आहे ना, आणि व्हॉल्व्ह टर्बोच्या धगीपासून लांब बसवलाय ना.

मग ट्यूनरला दोन प्रश्न. ओव्हरबूस्ट कट कितीवर ठेवलाय? आकडा ऐका आणि बिलावर लिहून घ्या. दुसरा: बूस्ट क्लोज्ड लूपमध्ये आहे का? म्हणजे सेन्सर बघून ईसीयू स्वतः दुरुस्ती करतंय, की ठरलेल्या टक्क्यांवर व्हॉल्व्ह नुसता टकटकतोय? मे महिन्यातल्या दुपारी भरलेले ठरीव टक्के डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरच्या वाटेवर जास्त बूस्ट देतात, कारण थंड हवा घट्ट असते. क्लोज्ड लूप नसेल तर कमाल बूस्ट थोडा खालीच ठेवायला सांगा.

साध्या तीन तोंडी व्हॉल्व्हने बूस्ट स्प्रिंगच्या साधारण दुपटीपर्यंत नेता येतो. त्याहून जास्तीचं आश्वासन मिळालं तर वेगळी स्प्रिंग लागेल, तिची किंमत विचारा. शिवाय पुष्कळ मूळ सेन्सर दीड बार बूस्टच्या आसपास आंधळे होतात. त्यावर जायचं तर मोठा सेन्सर आणि त्याचं नवं कॅलिब्रेशन. हा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो.

नंतर येणारे खर्च

पेट्रोल आधी. ९५ ऑक्टेनवर ट्यून केलेल्या गाडीत साधं पेट्रोल भरायचं नाही, म्हणजे नाहीच. ट्यूनिंग तुम्ही रोज जे पेट्रोल भरता त्यावरच करून घ्या. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा दिल्लीत लिटरला १६० रुपये होतं. डायनोवर ते भरून काढलेला मोठा आकडा कागदावर छान दिसतो, पण तुमच्या तालुक्याच्या पंपावर ते मिळत नाही.

मॅन्युअल गाडीत क्लच घसरायला लागला तर २० ते ४० हजार धरा. ऑटोमॅटिकमध्ये प्रश्न मोठा आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन मीटर टॉर्कची. १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० न्यूटन मीटर देतं. तिथे टॉर्क वाढवणं म्हणजे गिअरबॉक्सचं आयुष्य गहाण टाकणं. ज्यांना रोज ऑफिसला जायचंय त्यांनी हे करूच नये असं मला कळकळीने वाटतं.

ऑइल दर ५ ते ७ हजार किलोमीटरला बदला. तो खर्च कमी वाटतो, पण टर्बो त्याच्यावरच जगतो.

कागदपत्रं, विमा, आरटीओ

वॉरंटी चालू असेल तर थांबा. ‘मूळ फाइल परत टाकली की कंपनीला कळत नाही’ हे ऐकाल. विश्वास ठेवू नका. फोक्सवॅगन समूहात बदललेलं ईसीयू सर्व्हिसमध्ये पकडलं गेलं की गाडीच्या नोंदीवर ‘टीडी-वन’ अशी खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सचे दावे अडतात.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. हप्ता थोडा वाढेल किंवा ते नकार देतील, पण अपघातानंतर सर्व्हेअरला सोलेनॉइड सापडण्यापेक्षा हे बरं. पत्राची पोच जपून ठेवा.

कायदा असा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. कलम १८२-अ: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘आरटीओ अप्रूव्हड’ असं गॅरेज म्हणालं तर तो मंजुरीचा कागद मागा. कागद नसेल तर मंजुरी नाही असंच धरा, आणि हे काम ट्रॅकवरच्या गाडीसाठीच ठेवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून ‘आणखी मोकळा श्वास’ देण्याची ऑफर तर सरळ नाकारा. पीयूसीच्या नळीपुढे ते टिकत नाही, आणि मागच्या गाडीतल्या माणसांना तो धूर प्यावा लागतो.

बिल पक्कं घ्या. ‘बिल नको असेल तर टॅक्स वाचेल’ ही सवलत नाही. नळी सटकली तर दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. कोटेशनमध्ये अजूनही जुना २८ टक्के लावलेला असेल तर दुरुस्त करून मागा.

गाडी घेऊन निघताना हातात इतकं हवं: ओळवार बिल, डायनोच्या आधीच्या आणि नंतरच्या शीट, ट्यूनिंगचे लॉग, कंपनीची मूळ ईसीयू फाइल पेनड्राइव्हवर, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत. मूळ फाइल द्यायला काही ट्यूनर वेगळे पैसे मागतात. ती तुमच्या गाडीतून काढलेली आहे. तिचे पैसे द्यायचे नाहीत, हे काम सांगतानाच बोलून घ्या. आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा परत जा. नळ्या, क्लिप बघून घ्या, नवा लॉग काढून घ्या. ही फेरी ट्यूनिंगच्या रकमेतच धरलेली असावी.