मेरू, सागर आणि चौतिसावा श्लोक

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक २३ ते ३४



दहावा अध्याय म्हणजे विभूतियोग. अर्जुनाचा प्रश्न (श्लोक १७) अगदी आपल्या मनातला आहे: देवा, तुझं चिंतन करायचं तर कशाकशात करू? मग भगवंत यादीच देतात. शिखरांमध्ये मेरू, जलाशयांमध्ये सागर, स्थावरांमध्ये हिमालय. डोंगर आणि समुद्र लागोपाठच्या श्लोकांत येतात.

ही जोडी डोळ्यांनी बघायला मुंबईकरांना फार लांब जावं लागत नाही. गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून रिक्षाने मापगाव, आणि मग कनकेश्वराच्या सातशेहून जास्त दगडी पायऱ्या. सकाळी लवकर चढा, नंतर कोकणातला दमट उकाडा जीव काढतो. चढताना झाडीत मधेच फट पडते आणि खाली भातखाचरं, नारळाच्या वाड्या, अलिबागकडचा किनारा दिसतो. पलीकडे समुद्रात खांदेरी-उंदेरी. हवा स्वच्छ असेल तर नजर थेट क्षितिजाला टेकते. पंचविसाव्या श्लोकात हिमालयाच्या शेजारी जपयज्ञ का, हे मला या पायऱ्यांवर कळलं. धाप लागली की गप्पा बंद होतात, नाम तेवढं चालू राहतं.

गेल्या थंडीत आमचा ग्रुप गेला होता. सगळे फोटो काढत होते, "देव इथंच आहे रे!" म्हणत होते. एक मित्र गप्प. त्याचे बाबा जाऊन तीन महिने झाले होते. हळूच म्हणाला, "तुम्हाला दिसत असेल. मला नुसतं पाणी दिसतंय."

कोणी उत्तर दिलं नाही, तेच बरं झालं. दर्शन झाल्यावर पुष्करणीच्या काठावर बसून मी मोबाइलवर हा अध्याय काढला. खरं तर ही यादी आपण सोयीने वाचतो. मेरू, सागर, हिमालय... स्टेटसला टाकायला छान! पण एकतिसाव्या श्लोकात मगर आहे. चौतिसाव्यात सगळं हिरावून नेणारा मृत्यू आहे, आणि भगवंत म्हणतात, तोही मीच.

मित्राने फोन हातातून ओढूनच घेतला. "म्हणजे बाबांना यानेच नेलं ना?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. म्हटलं, "पुढची ओळ वाच." त्याच श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत स्मृती आहे, धृती आहे, क्षमा आहे. मृत्यूला लागूनच.

'स्मृती'वर तो बराच वेळ थांबला. मग बोलायला लागला. लहानपणी बाबा याच पायऱ्यांवरून त्याला खांद्यावर घेऊन यायचे, आणि वर आल्यावर खांदेरी कुठली, उंदेरी कुठली हे दर वेळी उलटंच सांगायचे. उतरताना आम्ही दोघं सगळ्यांच्या खूप मागे राहिलो.

आज २३ पासून सुरुवात करा, पण ३३ वर थांबू नका. ज्यांच्या घरातलं कोणी नुकतंच गेलंय त्यांनी चौतिसावा श्लोक एकट्याने वाचू नये, कोणाला तरी शेजारी बसवून वाचावा. उद्या ३५ पासून पुढे.