कोऱ्या पत्त्याची ई-मेल

ई-मेललाही लिफाफा असतो. तो वाचणाऱ्याला दिसत नाही; सर्व्हर मात्र एकमेकांशी बोलताना त्यावरील प्रेषकाचा पत्ता पाहतात. हा पत्ता कोरा असेल, तर ती ई-मेल स्वीकारावी काय? ठग आणि जाहिरातबाज या कोरेपणाचा आडोसा घेतात, म्हणून काही सर्व्हरचालक ती सरसकट नाकारतात. वरवर पाहता हे योग्यच वाटते.

परंतु हा कोरेपणा नियमाने सांगितलेला आहे. ई-मेल पोहोचली नाही, तर तसे कळविणारी सूचना मूळ प्रेषकाकडे जाते. ही सूचनाही पोहोचली नाही तर? तिच्यावर परतीचा पत्ता असता, तर सूचनेची सूचना, तिचीही सूचना, असे चक्र दोन सर्व्हरांत फिरत राहिले असते. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या नियमांत यावर कोऱ्या पत्त्याचा उपाय सुचविला होता. १९८९ मध्ये तो बंधनकारक झाला.

कोरी ई-मेल नाकारणारा सर्व्हर आपल्याच माणसांचे नुकसान करतो. समजा, एखाद्याने नोकरीचा अर्ज धाडला. दूरच्या सर्व्हरने तो आधी स्वीकारला. पण पेटी भरलेली असल्याने पुढे पोहोचविता आला नाही. तशी सूचना दारातूनच परतविली गेली, तर अर्जदार निर्धास्त राहतो आणि मुदत टळते.

तेव्हा कोरी ई-मेल स्वीकारावी. मात्र एकाच वेळी अनेकांच्या नावे आलेली नाकारावी, आणि मजकुराची छाननी इतर ई-मेलप्रमाणेच करावी. संशय मजकुराचा घ्यावा, कोरेपणाचा नव्हे.