चिठ्ठीची लस



मांडवीच्या बंदरावर आम्ही संध्याकाळी फिरावयास जातो. परवा तेथे एक शेजारीण भेटली. ती आमच्या वर्गात नुकतीच वाचावयास शिकली आहे. ती म्हणाली, "गुरुजी, त्या नव्या लशीने माणसाचे रक्तच बदलते म्हणतात. खरे काय हो?"

प्रश्न चांगला आहे. आज त्याचाच विचार करू.

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनले आहे. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक घरच. या घरात एक पेटी असते. तीत घराण्याचे मूळ कागद असतात, असे समजा. डोळ्यांचा रंग कसा, केस कसे, ते सारे त्यात असते. घरात कारागीरही असतो. चिठ्ठी मिळाली की तिच्याबरहुकूम तो वस्तू घडवतो. या चिठ्ठीला शास्त्रज्ञ 'एम-आरएनए' म्हणतात.

जुन्या पुष्कळ लशींत मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू असतो. या लशीत जंतू नसतो, नुसती चिठ्ठी असते. होडीतून कागद न्यावयाचा तर आपण तो मेणकापडात गुंडाळतो. तशी ही चिठ्ठी चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळतात. ती दंडात टोचली की कारागीर ती वाचतो आणि कोरोनाच्या जंतूवरचा काटा घडवतो. नुसत्या काट्याने रोग होत नाही. पण शरीराचे पहारेकरी तो ओळखून ठेवतात. पुढे खरा जंतू आला की ते धावून जातात.

चिठ्ठी थोड्याच दिवसांत विरून जाते. मूळ कागदांच्या पेटीत ती शिरत नाही. म्हणून रक्त बदलते हे खरे नाही.

पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने अशी लस तयार केली. जून २०२२ मध्ये सरकारने तिला तातडीच्या वापराची परवानगी दिली. या जातीची ती भारतातील पहिली लस. आपल्या देशात बहुतेकांनी घेतल्या त्या कोविशिल्ड आणि कोवॅक्सिन. त्या चिठ्ठीच्या लशी नव्हेत.

आता, लस निर्धोक आहे हे कसे ठरवतात? १८९७ साली मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. धाडस मोठे! पण एकट्याच्या अनुभवावर भागत नाही. लस आधी प्राण्यांना देतात. मग थोड्या निरोगी माणसांना, मग शेकडो लोकांना, शेवटी हजारोंना. प्रत्येक वेळी कोणाला काय त्रास झाला ते लिहून ठेवतात.

परवानगीनंतरही नजर ठेवावी लागते. फार थोड्यांना होणारा त्रास काही हजारांत दिसत नाही, लाखोंत दिसतो. परदेशात असेच झाले. चिठ्ठीच्या लशीनंतर क्वचित, विशेषतः तरुण पुरुषांच्या, हृदयाच्या स्नायूला सूज येते, असे आढळले. त्यातले बहुतेक बरे झाले. दंड दुखणे, एकदोन दिवस ताप येणे हे नेहमीचे. पण छातीत दुखले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठावा.

चाचणीत भाग घेण्याची सक्ती नसते. आधी संमतिपत्र देतात. काय टोचणार, धोका कोणता, हे त्यात आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. मध्येच बाहेर पडण्याचा हक्क असतो. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तटस्थ साक्षीदार हजर हवा, असा नियम आहे.

हे ऐकून शेजारीण हसली. म्हणाली, "म्हणजे गुरुजी, आता मला साक्षीदार नको. मी वाचीन, मग सही करीन."

आम्ही म्हटले, "आणि समजले नाही तर विचारशील."

प्रश्न
१. चिठ्ठी मूळ कागदांच्या पेटीत शिरते का?
२. परवानगीनंतरही लशीवर नजर का ठेवतात?
३. संमतिपत्रात काय लिहिलेले असावे?